सावित्रीबाई: शिकलेल्या, शिकवणाऱ्या, लिहिणाऱ्या

स्मरणिकेत शाळेच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ जण असतील, हे गृहीत धरून मी संपादक मंडळाकडे वेगळा विषय मागून घेतला. आपल्यापैकी प्रत्येकाने ज्यांच्यावर निदान एकदा तरी भाषण पाठ केलं आहे, त्या सावित्रीबाई फुले यांचं आयुष्य सलग सांगावं, असं मनात होतं. आपल्याकडे सावित्रीबाई ३ जानेवारीला भेटतात. फोटोला हार, दोन भाषणं, एखादी नाटुकली आणि त्यात शेण-दगड फेकणारी चार मुलं. तेवढ्यावर आपण निघून येतो. माझ्याकडूनही शाळा सुटल्यावर बरीच वर्षं त्या तेवढ्याच राहिल्या होत्या. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, इतिहास हा माझा अभ्यासविषय नाही. पण मधल्या काळात त्यांचं समग्र वाङ्मय वाचण्यात आलं. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेला हा ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढला आहे. तो वाचताना लक्षात आलं, की शेण-दगडांचा प्रसंग हा त्या ६६ वर्षांच्या आयुष्यातला एक छोटा तुकडा आहे. त्याच्या अलीकडे-पलीकडे केवढं तरी काम पसरलेलं आहे. ते माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींना आणि गुरुजनांना सांगावं, म्हणून हा लेख.

नायगाव ते पुणे

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. आपल्या सिन्नरकडचं नायगाव नव्हे, हे खंडाळा तालुक्यातलं. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मी. घर शेतकऱ्याचं, गावात मान असलेलं. मुलगी थोरली, कामाला खंबीर. त्या काळी अशा घरातल्या मुलीच्या हातात पाटी-पेन्सिल येण्याचा प्रश्नच नव्हता. शिरवळच्या बाजारात एका परदेशी बाईने तिला एक पुस्तक दिलं आणि वाचता येत नसतानाही तिने ते सासरी जाताना बरोबर नेलं, अशी एक गोष्ट सांगतात.

१८४० साली लग्न झालं तेव्हा सावित्रीबाई नऊ वर्षांच्या, जोतीराव तेरा वर्षांचे. फुले कुटुंब पुण्यात फुलांचा धंदा आणि शेती करणारं. जोतीरावांची आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच गेल्या होत्या. त्यांना वाढवलं ते सगुणाबाई क्षीरसागर या मावसबहिणीने. सगुणाबाई एका मिशनऱ्याच्या घरी मुलं सांभाळायच्या कामाला होत्या, त्यामुळे शिकलेली माणसं त्यांनी जवळून पाहिली होती. आईविना वाढलेल्या मुलाला शाळेत घालायचा आग्रह त्यांचाच. पुढे जोतीरावांनी घरात शिकवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यासमोर विद्यार्थिनी म्हणून दोघी बसल्या: सगुणाबाई आणि सावित्रीबाई. शेतात आंब्याच्या झाडाखाली, मातीत काडीने अक्षरं गिरवून हा अभ्यास सुरू झाला, असं सांगितलं जातं.

आपण नेहमी म्हणतो, की जोतीरावांनी सावित्रीबाईंना शिकवलं. ते खरं आहे, पण पुरतं नाही. पुढच्या शिक्षणात सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या जोतीरावांच्या मित्रांनी त्यांना मदत केली. त्यानंतर त्यांनी पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षिका होण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. म्हणजे आजच्या भाषेत डी.एड. करून त्या वर्गावर उभ्या राहिल्या. नवऱ्याच्या कामाला हातभार म्हणून फळ्यासमोर उभी राहिलेली बायको, असं चित्र डोळ्यांसमोर असेल तर ते बदलायला हवं. त्या तयारीनिशी आलेल्या शिक्षिका होत्या.

शाळा चालवणं

१८४८ साली पुण्यात बुधवार पेठेत, तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या, म्हणजे आपल्या बारावीच्या मुलीएवढ्या. जोतीरावांनी त्याआधी अहमदनगरला फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली होती, आणि आपल्या माणसांनी आपल्या मुलींसाठी अशी शाळा काढली पाहिजे, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्याच वर्षी, १८४८ च्या जुलैत, अमेरिकेत सेनेका फॉल्स इथे स्त्रियांच्या हक्कांसाठी पहिली मोठी परिषद भरली. पुण्यातल्या या दोघांना तिची वार्ताही नसणार. पण एकाच वर्षी जगाच्या दोन टोकांना एकच प्रश्न हाती घेतला गेला, याची नोंद घ्यावीशी वाटते.

पुढचा भाग भाषणांमध्ये सहसा येत नाही. भिडेवाड्यातली ती पहिली शाळा फार टिकली नाही, काही महिन्यांतच बंद पडली. लोकांचा दबाव वाढला. गोविंदरावांनी, म्हणजे सासऱ्यांनी, शाळा सोडा नाहीतर घर सोडा असं सांगितलं. १८४९ मध्ये दोघांनी घर सोडलं. अठरा वर्षांची सून आणि बावीस वर्षांचा मुलगा. त्यांना आसरा दिला तो उस्मान शेख या मित्राने. फातिमा शेख या त्याच घरातल्या. पुढे सावित्रीबाईंच्या शाळेच्या कामात त्या बरोबरीने राबल्या.

शाळा बंद, घर सुटलेलं, पैसा नाही. इथे हे काम संपलं असतं, तर आज आपल्याला त्यांचं नावही माहीत नसतं. पण ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच, चिपळूणकरांच्या वाड्यात, मुलींची शाळा पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला रास्ता पेठेत दुसरी, आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत तिसरी. माझ्या कामात एखादी यंत्रणा पहिल्यांदा उभी करण्यापेक्षा ती कोसळल्यावर पुन्हा उभी करणं अवघड असतं. कारण दुसऱ्या वेळी लोकांचा विश्वासही परत मिळवावा लागतो. इथे तर विश्वास मिळवायचा होता आईबापांचा, आणि तोही मुलींना घराबाहेर पाठवण्यासाठी.

सावित्रीबाई सकाळी शाळेत निघाल्या की रस्त्यात लोक अंगावर शेण, चिखल, खडे टाकत. हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांना ओळखणाऱ्यांच्या आठवणींत एक तपशील आहे: त्या बरोबर एक जास्तीचं लुगडं घेऊन निघत. शाळेत पोचल्यावर खराब झालेलं बदलायचं, वर्ग घ्यायचा, आणि परत जाताना पुन्हा ते मळकं नेसायचं. मला या प्रसंगात शौर्यापेक्षा हे जास्तीचं लुगडं महत्त्वाचं वाटतं. उद्याही शेण पडणार आहे आणि उद्याही शाळा भरणार आहे, हे दोन्ही तिने आदल्या रात्रीच धरून ठेवलेलं होतं.

या शाळांमध्ये वाचन, व्याकरण, अंकगणित, भूगोल, मराठ्यांचा इतिहास असे विषय शिकवले जात. वार्षिक परीक्षा चारचौघांसमोर होत असे. १८५३ च्या फेब्रुवारीत अशी जाहीर परीक्षा झाली, तेव्हा तीन शाळांतल्या मिळून दोनशेहून अधिक मुली बसल्या होत्या आणि ते पाहायला पुणेकरांची मोठी गर्दी लोटली होती. पाच वर्षांपूर्वी जी गोष्ट पाप म्हणून गणली गेली, ती पाहायला लोक उन्हात उभे राहिले. त्याआधी, १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला होता. सावित्रीबाई या सगळ्या काळात पगार न घेता शिकवत होत्या.

शिक्षक किती चांगला, हे विद्यार्थी काय लिहितो यावरून कळतं, असं आपले गुरुजी मानत. सावित्रीबाईंच्या कामाची अशी एक खूण कागदावर शिल्लक आहे. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाई नावाच्या मांग समाजातल्या मुलीने महार-मांगांच्या दुःखावर एक निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. आपल्या लोकांना माणूस म्हणून का वागवलं जात नाही, असा थेट जाब त्या लहान मुलीने पेशवाईतल्या छळाचे दाखले देत विचारला आहे. तो निबंध आज वाचला तरी आपण खाली मान घालतो. तीन वर्षांच्या शाळेने एका मुलीला नुसती मुळाक्षरं दिली नाहीत, तर जाब विचारायचं बळ दिलं. १८५५ मध्येच शेतकरी आणि मजूर स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळाही निघाली, कारण दिवसभर राबणाऱ्याला शाळेची वेळ कधीच सोयीची नसते.

१८५७ च्या उठावानंतर युरोपीय लोकांकडून येणारी मदत आटली आणि या शाळांचे हाल सुरू झाले. कुठलंही काम एका वर्गणीच्या भरवशावर किती दिवस चालतं, याचा हा अनुभव. तरी तोवर व्हायचं ते झालं होतं. मुलगी शिकली की आकाश कोसळत नाही, हे पुण्याने पाहिलं होतं.

कवयित्री

सावित्रीबाईंच्या कविता आपल्याला शाळेत कुणी फारशा वाचून दाखवल्या नाहीत. १८५४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह प्रसिद्ध झाला. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या केशवसुतांचा जन्म त्यानंतर बारा वर्षांनी, १८६६ चा. म्हणजे मराठी कवितेचा इतिहास शिकताना आपण जिथून सुरुवात केली, त्याच्या कितीतरी आधी एक शेतकरी कुळातली बाई स्वतःच्या नावाने कवितेचं पुस्तक छापून मोकळी झाली होती.

या संग्रहात पिवळा चाफा आहे, जाईचं फूल आहे, फुलपाखरू आणि कळी आहे. फुलांचा धंदा असलेल्या घरातल्या बाईला फुलं नीट माहीत असणारच. त्यांच्या जोडीला शिवाजी महाराज आणि ताराबाई यांच्यावरच्या रचना आहेत. शिकायला निघा, रिकामे बसू नका, असं मुलांना आणि शूद्रातिशूद्रांना बजावणाऱ्या कविता आहेत. इंग्रजी भाषा शिकण्याचा आग्रह आहे, कारण ज्या संस्कृत विद्येची दारं बंद होती, तिला वळसा घालून जाणारी वाट त्यांना इंग्रजीत दिसली. शिक्षिका आणि विद्यार्थिनी यांच्या संवादातून रचलेली एक कविताही आहे, ती तर सरळ वर्गात म्हणायला केलेली वाटते. भाषा सोपी, चाल म्हणता येण्याजोगी. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही ऐकून पाठ करावं, असा सगळा बेत. कविता हेही त्यांनी शिकवण्याचं साधन केलं.

त्याच दशकांत अमेरिकेतल्या चार्ल्सटन गावी पेनिना मोइज नावाची एक ज्यू कवयित्री राहत होती. वडील वारल्यावर बाराव्या वर्षी तिची शाळा सुटली, लेस विणून तिने घराला हातभार लावला. १८३३ मध्ये तिने स्वतःचा कवितासंग्रह छापला, आपल्या समाजाच्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकासाठी गीतं रचली, आणि १८४५ पासून तिथल्या मुलांची रविवारची शाळा चालवली. म्हातारपणी दृष्टी गेली, तरी बहीण आणि भाचीच्या सोबतीने ती शिकवत राहिली. सावित्रीबाईंना ती ठाऊक असण्याचं कारण नाही. पण कमी मानल्या गेलेल्या समाजातल्या, स्वतः कष्टाने शिकलेल्या, कविता करणाऱ्या आणि मुलांना शिकवणाऱ्या या दोन बायका एकाच काळात जगल्या. दोघींनी लिहायला लागल्याबरोबर पुढची पिढी समोर बसवली.

तीन पत्रं

सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं उपलब्ध आहेत. संसाराच्या चौकशा त्यांत नावालाच आहेत. सगळी पत्रं कामाची.

पहिलं १० ऑक्टोबर १८५६ चं, नायगावहून. सावित्रीबाई आजारी पडून माहेरी आल्या होत्या. भाऊ सेवा करत होता, पण बोलून दाखवत होता. तू आणि तुझा नवरा महार-मांगांसाठी काम करता, म्हणून तुम्हाला वाळीत टाकलं आहे, ते सोडा, असं त्याचं म्हणणं. अंथरुणाला खिळलेल्या बहिणीने त्याला शांतपणे समजावलं. आपण गाय-शेळीला गोंजारतो, नागाला दूध पाजतो आणि माणसाला मात्र दूर ठेवतो, या तऱ्हेचा तो युक्तिवाद. शेवटी भाऊ वरमला, आईलाही लेकीचं बोलणं पटलं. याच पत्रात फातिमाची काळजी आहे. आपल्या गैरहजेरीत तिच्यावर सगळा भार पडला असेल, पण ती कुरकुर करणारी नाही, असं त्या लिहितात. दोघींच्या मैत्रीबद्दल यापेक्षा जास्त काय हवं!

दुसरं पत्र २९ ऑगस्ट १८६८ चं, तेही नायगावहून. गावोगाव पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी एकमेकांच्या प्रेमात पडले. मुलगी सहा महिन्यांची गरोदर. गावाने दोघांची धिंड काढली, आता मारून टाकायचं, इथवर मजल गेली. सावित्रीबाईंना कळताच त्या धावत गेल्या. इंग्रज सरकार खुनाला फाशी देतं, याची त्यांनी जमावाला आठवण करून दिली आणि दोघांचा जीव वाचवला. गावकऱ्यांनी दोघांनी गाव सोडावं एवढ्यावर मिटवलं, तेव्हा सावित्रीबाईंनी त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवून दिलं. हे १८६८ मध्ये, एकट्या बाईने, स्वतःच्या माहेरच्या गावात केलं. अशा बातम्या आजही आपण वर्तमानपत्रात वाचतो. तेव्हा मध्ये पडणारं कुणी असतं का, हे आपण स्वतःला विचारावं.

तिसरं पत्र २० एप्रिल १८७७ चं, जुन्नरजवळच्या ओतूरहून. मोठा दुष्काळ पडला होता. जनावरं मरत होती, माणसं गावं सोडून चालली होती. सावित्रीबाई सत्यशोधक कार्यकर्त्यांबरोबर गावोगाव फिरून अन्नछत्रांची व्यवस्था बघत होत्या. सावकारांच्या तक्रारीवरून काही कार्यकर्त्यांना पकडण्यात आलं. सावित्रीबाईंनी कलेक्टरांना गाठून त्यांच्याशी सरळ वाद घातला, माणसं सोडवून आणली आणि वर ज्वारीच्या गाड्या मिळवल्या. आपण दुष्काळी पट्ट्याच्या कडेला राहणारी माणसं, पाऊस लांबला की गावाचा चेहरा कसा होतो हे आपल्याला सांगायला नको. त्या काळात भुकेल्या मुलांसाठी पुण्याजवळ धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला गेला. मुलांना जेवू घालण्याचं काम सावित्रीबाईंनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी अंगावर घेतलं.

घराचं दार

उच्चवर्णीय समाजात लहानपणीच विधवा झालेल्या मुलींचं पुन्हा लग्न होत नसे. घरातल्याच कुणी फसवून दिवस गेले, की त्या मुलीपुढे विहीर किंवा बाळाचा गळा, हेच दोन मार्ग. जोतीरावांच्या ओळखीच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेवर हाच प्रसंग आला. तिने बाळ मारलं, आणि तिला अंदमानची जन्मठेप झाली. फसवणारा मोकळाच राहिला. या प्रकरणाने हादरलेल्या जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये आपल्या राहत्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गुपचूप येऊन बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, ठेवायचं तर ठेवा, अशा अर्थाच्या जाहिराती भिंतींवर लावल्या.

जाहिरात लावणं एक आणि मध्यरात्री दार उघडून आलेल्या मुलीचं बाळंतपण करणं वेगळं. ते काम सावित्रीबाईंचं. १८८४ पर्यंत अशा पस्तीस विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. स्वतःला मूल नसलेल्या या बाईने दुसऱ्यांच्या मुलांना न्हाऊ-माखू घातलं. १८७४ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका काशीबाईचं मूल या दोघांनी दत्तक घेतलं. त्याचं नाव यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला.

त्याआधी १८६८ मध्ये फुल्यांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली, आणि २५ डिसेंबर १८७३ रोजी भटजी आणि हुंड्याशिवाय पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. वधू राधा ही सावित्रीबाईंच्या मैत्रिणीची मुलगी, वर सीताराम जबाजी आल्हाट. खर्च सावित्रीबाईंनी उचलला. १८८९ मध्ये यशवंतचं लग्न ग्यानोबा ससाणे यांच्या मुलीशी ठरलं, तेव्हा सावित्रीबाईंनी सुनेला लग्नाआधी काही दिवस घरी आणून ठेवलं. मुला-मुलीची ओळख व्हावी, आणि घरकामामुळे तिचा अभ्यास मागे पडू नये, हा हेतू. एकशेतीस-पस्तीस वर्षांपूर्वीची ही सासू आहे, हे आपल्या वयाच्या, सुना येऊ घातलेल्या मैत्रिणींनी जरूर लक्षात ठेवावं!

टिटवं

१८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, तरी ते डाव्या हाताने लिहीत राहिले, सावित्रीबाई शुश्रूषा करत राहिल्या. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. अंत्ययात्रेच्या वेळी वाद निघाला. दत्तक मुलाला टिटवं धरण्याचा अधिकार नाही, तो मान आमचा, असं भाऊबंद म्हणू लागले. तेव्हा एकोणसाठ वर्षांच्या सावित्रीबाई पुढे आल्या, टिटवं स्वतः हातात घेतलं, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि नवऱ्याला अग्नी दिला. बायका स्मशानातही जात नसत, त्या काळात. आजही आपल्याकडे लेकीने किंवा बायकोने अग्नी दिला की गावात चार दिवस चर्चा होते. यावरून तेव्हा काय झालं असेल त्याची कल्पना यावी.

नंतर त्या घरात बसून राहिल्या नाहीत. जोतीरावांचं चरित्र पद्यात सांगणारं 'बावन्नकशी सुबोध रत्नाकर' त्यांनी लिहिलं. सत्यशोधक समाजाची धुरा घेतली. १८९३ मध्ये सासवडला झालेल्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्षस्थानी सावित्रीबाईच होत्या.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पाठोपाठ पुण्यात पसरला. घरं रिकामी झाली. रोग्याला हात लावायला रक्ताचं माणूस धजत नव्हतं. सावित्रीबाईंनी यशवंतला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना सुरू केला. वय सहासष्ट. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचा मुलगा प्लेगने आजारी असल्याचं कळलं. त्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणून पोचवलं. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या.

आपल्यापुरतं

पुढच्या काळात त्यांच्या वाट्याला खूप मोठेपणा आला. १९९८ मध्ये टपाल तिकीट निघालं. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं, आपल्यातल्या काहींच्या मुलांच्या पदवीवर आता ते छापून येतं. २०१७ च्या ३ जानेवारीला गूगलच्या पहिल्या पानावर त्यांचं चित्र झळकलं, तेव्हा आमच्या ऑफिसात इतर राज्यांतले सहकारी मला विचारायला आले, या कोण? मी पंधरा मिनिटं बोलले. भिडेवाडा मोडकळीला आला होता, अनेक वर्षं खटला चालला आणि २०२३ च्या डिसेंबरात जुनी इमारत पाडून स्मारकासाठी जागा मोकळी झाली.

पण मला हा लेख लिहावासा वाटला, तो आपल्या वर्गामुळे. आपल्या वर्गाचे पाचवीतले आणि दहावीतले फोटो शेजारी ठेवून पाहा. पाचवीच्या फोटोत मुलींच्या दोन रांगा आहेत, दहावीच्या फोटोत एक, तीही अपुरी. कांद्याच्या लागणीला, काढणीला घरात हात कमी पडायचे, मग आधी मुलगी घरी राहायची. आठ दिवस, मग पंधरा, मग नाव कमी. कुणाची शाळा धाकट्या भावंडांनी थांबवली, कुणाची एसटी बसच्या वेळेने, कुणाची हळदीने. त्या कुणी अभ्यासात कच्च्या नव्हत्या. माझ्या बाकावर बसणारी जी मैत्रीण आठवीनंतर दिसली नाही, तिचं गणित माझ्याहून चांगलं होतं. मी इंजिनिअर झाले त्यात माझ्या मेहनतीचा वाटा आहे, तसा माझ्या आईवडिलांनी कांद्याच्या हंगामात मला शाळेत पाठवलं, याचाही आहे. ही स्मरणिका ज्या मुलींपर्यंत पोचणार नाही, त्याही आपल्याच वर्गातल्या.

सावित्रीबाईंनी मुलींना शाळेत आणलं, एवढं सांगून आपण थांबतो. त्यांचं खरं कष्टाचं काम त्यांना शाळेत टिकवण्याचं होतं. त्यासाठी रात्रीची शाळा काढावी लागली, आईबापांना घरी जाऊन पटवावं लागलं, बंद पडलेली शाळा पुन्हा उघडावी लागली. पैसा आटला तेव्हा काम कसं लंगडं झालं, हेही आपण वर पाहिलं. आपली तुकडी आता पन्नाशीकडे झुकली आहे. कुणी व्यापारात आहे, कुणी शेतीत, कुणी नोकरीत, कुणी परदेशात. मेळाव्याच्या जेवणावळीतून जी शिल्लक राहील, तिच्यात आपण प्रत्येकाने थोडी भर घालावी. आजूबाजूच्या खेड्यांतून शाळेत येणाऱ्या ज्या मुलींचं शिक्षण हंगामामुळे किंवा प्रवासखर्चामुळे अडतं, त्यांच्या एसटीच्या पासाची, वह्यांची आणि परीक्षा फीची दरवर्षी सोय करावी, अशी माझी सूचना आहे. नावं शिक्षकांनी सुचवावीत, कारण कोणती मुलगी कधी गैरहजर राहू लागली हे त्यांच्या हजेरीपटावर सगळ्यांत आधी दिसतं. एका वर्षापुरतं नको, दहावी होईपर्यंत.

आपल्याला शिकवलेल्या सगळ्या बाईंना आणि सरांना नमस्कार. मेळाव्याच्या दिवशी या सूचनेवर बोलायला दहा मिनिटं मिळावीत, एवढी संयोजकांना विनंती.